गनब्लेड गोळी झाडतच नाही

दर काही महिन्यांनी ती पोस्ट नव्या नावाने फिरून येते. वर ‘फायनल फँटसी ८’ या व्हिडिओ गेमचा नायक स्क्वॉल याचं चित्र: काळं जॅकेट, कॉलरला पांढरी केसाळ झालर, दोन भुवयांच्या मधून तिरका गेलेला व्रण आणि हातात ‘गनब्लेड’, ती अर्धी रिव्हॉल्व्हर, अर्धी तलवार. खाली मथळा, ‘व्हिडिओ गेमच्या इतिहासातलं सगळ्यात बिनडोक हत्यार’. मग एकापाठोपाठ एक मुद्दे. पातं आडवं येतं म्हणून नेम धरता येणार नाही. बार उडाला की धक्क्याने मनगट जाईल. दारूच्या उष्णतेने पात्याचं पाणी उतरेल. पात्याच्या कंपनाने जास्त कापलं जातं, हा चाहत्यांनी मागाहून रचलेला बचाव आहे. बंदूक आणि पातं एकत्र करण्याचे खऱ्या जगातले सगळे प्रयोग फसले. आणि शेवटचा टोला: खुद्द निर्मात्यांनाच चूक उमगली, म्हणून पुढच्या गेममध्ये त्यांनी ती गुपचूप दुरुस्त केली.

वाचायला मजा येते, हे मान्य. पहिल्यांदा वाचली तेव्हा मीही हसून चार जणांना पाठवली होती. पुढे गेम पुन्हा खेळायला घेतला आणि पहिल्या तासाभरातच खजील झालो. पोस्टमधले निम्मे मुद्दे एका वेगळ्याच हत्याराला लागू पडतात, आणि ते हत्यार ‘फायनल फँटसी ८’मध्ये नाहीच. लिहिणाऱ्याने नाव वाचलं, चित्र पाहिलं आणि बाकीचं मनाने भरलं. गनब्लेड ही बंदूक लावलेली तलवार नव्हे. ती चाप असलेली तलवार आहे. हा फरक शब्दांच्या कसरतीचा वाटत असेल तर पुढे वाचा.

‘पातं आडवं येतं, नेम कसा धरणार?’

नेम धरायचाच नाहीये. गोळीच सुटत नाही.

हे मी कुठल्या मुलाखतीच्या भरवशावर म्हणत नाही. ११ फेब्रुवारी १९९९ रोजी जपानमध्ये प्लेस्टेशनवर आलेला गेम उघडा आणि स्क्वॉलला एक हल्ला करायला सांगा. तो धावत शत्रूपर्यंत जातो, तलवार फिरवतो, आणि पातं ज्या क्षणी अंगाला भिडतं नेमक्या त्या क्षणी तुम्ही पॅडवरचं आर-१ बटण दाबलंत तर एक लखलखाट होतो, दणका ऐकू येतो आणि घाव दीडपट बसतो. आधी दाबलं तर काही नाही, उशिरा दाबलं तरी काही नाही. आता बंदुकीचा विचार करा. बंदुकीचा सगळा फायदा अंतराचा. शत्रू चार पावलांवर असताना चाप ओढता येतो म्हणून तर माणसं बंदूक बाळगतात. जे हत्यार फक्त स्पर्शाच्या क्षणी चाप ओढल्यावरच काम करतं, ते लांबवर मारण्यासाठी बनवलेलं असूच शकत नाही. नियम इतका स्वच्छ आहे की त्यावर वाद घालायला जागा उरू नये.

दुसरा पुरावा दारूगोळ्याचा. या गेममध्ये खरीखुरी बंदूक घेऊन फिरणारा एक जण आहे, अर्व्हाइन. त्याची खास चाल म्हणजे ‘शॉट’, आणि त्यासाठी पिशवीत काडतुसं लागतात. साधी, शॉटगनची, आगीची, चिलखत भेदणारी, असे त्यांचे प्रकार आहेत. प्रत्येक वेळी बार उडाला की साठ्यातलं एक कमी होतं. संपली की चाल संपली. म्हणजे गोळी मोजायची पद्धत निर्मात्यांना ठाऊक होती आणि त्यांनी ती याच गेममध्ये बसवलेलीही आहे. स्क्वॉलच्या आर-१ला मात्र अख्ख्या गेममध्ये एकही काडतूस खर्ची पडत नाही. शेकडो वेळा चाप ओढा, पिशवी जशीच्या तशी.

तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो, कारण तो पोस्ट लिहिणाऱ्याच्या डोळ्यांदेखत घडून गेलेला असतो. गेमची सुरुवातीची चित्रफीत. उघड्या माळावर स्क्वॉल आणि त्याचा प्रतिस्पर्धी सायफर यांची झुंज चालली आहे. दोघांच्याही हातात गनब्लेड. स्क्वॉलची रिव्हॉल्व्हरच्या घडणीची, तर सायफरच्या ‘हायपेरिअन’ची घडण पिस्तुलासारखी. पाती एकमेकांवर आपटतात, ठिणग्या उडतात. मग सायफर लबाडी करतो. मोकळा हात पुढे करून आगीचा मंत्र फेकतो, स्क्वॉल मागे कोसळतो, आणि तो सावरायच्या आत सायफर त्याच्या कपाळावर तो व्रण ओढतो. पुढच्याच क्षणी स्क्वॉल खालून वर वार करून त्याची परतफेड करतो.

इथे जरा थांबा. सायफरला नियम मोडायचेच होते. समोरचा दोन पावलांवर, हातात चाप असलेलं हत्यार. त्यातून गोळी सुटत असती तर या गड्याने सरळ चाप ओढला असता. त्याऐवजी त्याला दुसरा हात वापरून जादू करावी लागली. लांबून मारायची त्याची सोय ती जादू होती, तलवार नव्हे. सायफर जेव्हा खेळाडूच्या बाजूने लढतो तेव्हाही त्याच्या खास चालीची सुरुवात आगीपासून होते आणि शेवट वाराने. बार कुठेच नाही.

आणि लगूना. हा फौजेतला मशीनगनवाला. चाप ओढणं हा त्याचा पेशा. तिसऱ्या डिस्कवर भूतकाळातल्या एका प्रसंगात परिस्थितीपायी त्याला एका चित्रपटात चेटकिणीच्या सरदाराची भूमिका करावी लागते आणि हातात गनब्लेड दिली जाते. चित्रीकरण चालू असताना लाल ड्रॅगन येतो. लगूनाला वाटतं वेशभूषा झकास जमली आहे. मग कळतं की ड्रॅगन खराच आहे. जन्मभर बंदूक चालवलेला माणूस, जिवावर बेतलेलं, हातातल्या वस्तूच्या नावातच ‘गन’. तो काय करतो? दोन्ही हातांनी धरून वार करतो आणि वार अडवतो. खेळाडूलाही त्या झुंजीत तेवढंच करता येतं.

नेमाचा मुद्दा मी इथेच सोडतो. त्याला मी चार दाखले दिले, एकही पुरला असता.

‘धक्क्याने मनगट जाईल’

हा मुद्दा पहिल्याच्या पोटातला आहे. बंदुकीचा धक्का हा बहुतांशी गोळीच्या वजनाचा आणि वेगाचा परतावा असतो. गोळी पुढे जाते म्हणून बंदूक मागे येते. गोळीच नसेल तर उरतो फक्त जळालेल्या वायूचा रेटा. मोठ्या रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात दीड ग्रॅम दारू धरू आणि तिचा वायू सेकंदाला दीड हजार मीटरने बाहेर पडला असं समजू. संवेग आला साधारण सव्वादोन किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद. दोन किलोची तलवार सेकंदाला दहा मीटरने फिरत असेल तर तिचा संवेग वीस. म्हणजे बार उडाल्याचा रेटा वाराच्या जेमतेम नवव्या हिश्शाइतका. वार अडला की मनगटाला जो हिसका बसतो, त्यापुढे हा किस झाड की पत्ती.

आता यातून उलट प्रश्न निघतो, आणि तो पोस्टवाल्याने विचारला असता तर मी त्याला मानलं असतं: रेटा इतका कमी असेल तर घाव दीडपट का बसावा? त्याकडे येतोच.

‘उष्णतेने पात्याचं पाणी उतरेल’

ऐकायला शास्त्रीय वाटतं म्हणून हे वाक्य फार पुढे जातं. हिशेब कुणी करत नाही. आपण करू. धूरविरहित दारूच्या एका ग्रॅममध्ये साधारण चार-साडेचार हजार ज्यूल ऊर्जा असते. दीड ग्रॅमची झाली सहा-साडेसहा हजार. यातली बरीचशी वायूबरोबर हवेत जाते, पण पोस्टवाल्याच्या बाजूने उदार होऊन सगळीच्या सगळी पात्यात मुरली असं धरू. पोलादाचा एक किलो एक अंशाने तापवायला सुमारे पाचशे ज्यूल लागतात. पातं दीड किलोचं. साडेसहा हजाराला साडेसातशेने भागा: उत्तर नऊ अंशांच्या आतच येतं.

नऊ अंश! तलवार उन्हात ठेवली तर याहून जास्त तापेल. सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरं लागोपाठ उडवली तरी वाढ पन्नास-एक अंशांची, आणि पाणी दिलेल्या पोलादाचा कडकपणा ढळायला शेकडो अंश लागतात. जिथे काडतूस बसतं ती जागा अर्थात जास्त तापेल, पण ती धार नव्हे. रोजच्या रिव्हॉल्व्हरमध्येही तीच जागा तापते आणि त्यामुळे कुणाची रिव्हॉल्व्हर वितळल्याचं ऐकिवात नाही.

‘कंपनाने कापणं हा चाहत्यांनी रचलेला बचाव’

इथे दोन गोष्टी एकात मिसळल्या आहेत: बचाव कुणी रचला, आणि कंपनाने खरंच कापलं जातं का.

पहिलीचं उत्तर वर येऊन गेलं. स्पर्शाच्या क्षणी चाप, जास्तीचा घाव, शून्य काडतुसं: ही मांडणी १९९९च्या पहिल्या दिवसापासून गेममध्ये आहे. चाप ओढला की पात्यात हादरा जातो आणि घाव वाढतो, एवढाच त्या रचनेचा अर्थ लागू शकतो. चाहत्यांनी काही रचलं असेल तर ते उलट बाजूचं, गोळ्या झाडणारं गनब्लेड. तो गैरसमज कुठून आला हेही सांगता येतं. चापाबरोबर होणारा तो लखलखाट आणि दणका. घाईत पाहणाऱ्याला तो बारच वाटणार. मलाही वाटला होता. त्यात स्क्वॉलच्या ‘रेन्झोकुकेन’ या खास चालीच्या शेवटी ‘ब्लास्टिंग झोन’सारखी चाल आली की पात्यातून प्रकाशाचा खांबच उभा राहतो. पण ती नायकाची निर्वाणीची चाल आहे. त्याच गेममध्ये साध्या हातमोज्यांनी लढणारा झेलही निर्वाणीच्या चालीत स्फोट घडवतो, म्हणून त्याच्या हातमोज्याला कुणी तोफ म्हणत नाही.

दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे. कंपनाने कापणं हा कल्पनाविलास अजिबात नाही. शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या अल्ट्रासॉनिक चाकूचं पातं सेकंदाला सुमारे पंचावन्न हजार वेळा थरथरतं. प्रत्येक थरथर केसाच्या जाडीएवढी किंवा त्याहूनही कमी. पण तेवढ्याने ऊती कापल्या जातात आणि रक्तवाहिन्या त्याच झटक्यात बंदही होतात. कारखान्यांत रबर आणि चिकट खाद्यपदार्थ कापायलाही असलीच पाती लावतात, वीस ते चाळीस हजार कंपनांची, कारण माल पात्याला चिकटत नाही आणि दाब कमी लागतो.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. हे चाकू सलग थरथरत असतात. त्यांना वीज सतत मिळते. गनब्लेडला मिळतो एकच हादरा. मीटरभर लांबीच्या पोलादी पट्टीला एक टोला दिला तर ती तिच्या स्वतःच्या संथ लयीत झिणझिणते आणि विझते. एवढ्याने घाव दीडपट व्हावा, हे भौतिकशास्त्राच्या परीक्षेत पास होणार नाही. ऊर्जा कमी नाही. फिरत्या तलवारीत शंभर ज्यूल, काडतुसात सहा हजार. अडचण ती ऊर्जा धारेपर्यंत पोचवण्याची आहे.

पण हीच अडचण खऱ्या जगात एका अवजाराने कधीच सोडवली आहे, आणि कमाल म्हणजे त्याचंही नाव बंदुकीवरूनच पडलंय. काँक्रीटमध्ये खिळे ठोकायची काडतुसाची बंदूक बांधकामावर पाहिली असेल. त्यात काडतूस असतं, दारू असते, चाप असतो, गोळी नसते. बार उडाला की वायू एका दट्ट्याला ढकलतो आणि दट्ट्या खिळ्याला. आणि तिचा सुरक्षेचा नियम काय? तोंड भिंतीवर घट्ट दाबून धरल्याशिवाय चाप चालतच नाही. आधी स्पर्श, मग बार. आर-१चा नियम याहून वेगळा नाही. ज्याला स्क्वॉलच्या तलवारीची तुलना करायचीच असेल त्याने ती पिस्तुलाशी करू नये, या खिळ्यांच्या बंदुकीशी करावी. मग सगळं जागच्या जागी बसतं. काडतूस इथे इंधन आहे. फेकायची वस्तू नव्हे.

आणि या सगळ्यावर हेही लक्षात असू द्या की ज्या विश्वात माणसं ‘गार्डियन फोर्स’ नावाच्या जादुई शक्ती डोक्यात वागवतात आणि त्यांच्या बदल्यात आठवणी गमावतात, अख्ख्या शाळा हवेत उडतात, तिथे एकट्या पात्याच्या थरथरीवरच अविश्वास दाखवणं म्हणजे लग्नात सगळं जेवून झाल्यावर मिठाचा हिशेब मागणं.

‘खऱ्या इतिहासात सगळे प्रयोग फसले’

‘सगळे’ हा शब्द लिहिताना पोस्टवाल्याचा हात जरा थरथरायला हवा होता. बंदूक आणि पातं यांचा सर्वांत यशस्वी मिलाफ तीनशेहून जास्त वर्षं जगभरच्या फौजांच्या हातात आहे. त्याला संगीन म्हणतात.

संगिनीची गोष्ट मात्र इथे नीट सांगण्यासारखी आहे, कारण मिश्र हत्यार कधी फसतं आणि कधी जमतं ते तिच्यातच दिसतं. सुरुवातीच्या संगिनींची मूठ सरळ बंदुकीच्या नळीत खोचायची असे. बूच बसवावं तशी. म्हणजे संगीन बसवली की बंदूक बंद. २७ जुलै १६८९ रोजी स्कॉटलंडमधल्या किलीक्रँकीच्या लढाईत सेनापती ह्यू मकाय यांच्या फौजेला हे भोवलं. समोरून डोंगराळ भागातले हायलंडर उतारावरून तलवारी परजत धावत आले. सैनिकांनी बार केले, आणि मग संगिनी नळीत खोचायला लागणारा वेळच उरला नाही. हातात धड बंदूक नाही, धड भाला नाही, अशा अवस्थेत रांगा कापल्या गेल्या. त्यानंतर संगीन नळीच्या बाहेरून कड्याने बसवायची पद्धत रूढ झाली. पातं लावलेलं असतानाही गोळी झाडता येऊ लागली, आणि भालेकऱ्यांची वेगळी तुकडी ठेवायची गरज हळूहळू संपली.

हत्यारं दोन्ही वेळा तीच होती. बदललं एवढंच की एक काम दुसऱ्याची वाट अडवत नव्हतं.

पोस्टमध्ये ज्याचं चित्र टाकतात ते एल्जिनचं कट्लस-पिस्तूल या कसोटीवर ठेवून पाहा. जॉर्ज एल्जिन यांनी त्याचं पेटंट १८३७ मध्ये घेतलं. एकबारी पिस्तूल, आणि नळीच्या खाली अकरा-एक इंची जाड पातं. अमेरिकेच्या नौदलाने चार्ल्स विल्क्स यांच्या १८३८ ते १८४२ च्या समुद्रमोहिमेसाठी अशी दीडशे घेतली, आणि पुन्हा मागवली नाहीत. का, ते हातात न घेताही कळतं. पिस्तूल म्हणून ते तोंडाकडे जड, नेम खाली झुकणार. सुरा म्हणून वापरायचं तर वरची नळी म्हणजे नुसतं ओझं. एक बार उडाला की भरायला वेळ, आणि तोवर हातात आखूड, बोजड सुरा. दोन्ही कामं वेगवेगळ्या वेळची, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या पायात पाय घालतो. दोन्ही बाजूंना छोटी पिस्तुलं बसवलेल्या कट्यारी संग्रहालयांत दिसतात, किंवा युरोपातल्या शिकारी तलवारी, ज्यांच्या मुठीजवळ चकमकीची नळी असते. त्या सुंदर आहेत, कारागिरी थक्क करणारी आहे, पण अडचण तीच.

गनब्लेडला ही अडचण लागू होत नाही, कारण तिथे कामं दोन नाहीतच. चाप आणि पातं एकाच क्षणी, एकाच जागी, एकाच घावासाठी राबतात. त्यामुळे एल्जिनच्या अपयशावरून गनब्लेड मोडीत काढणं म्हणजे बैलगाडीला मोटार बांधली तर दोन्ही चालत नाहीत म्हणून इंजिन हीच कल्पना फोल ठरवणं.

‘निर्मात्यांनी पुढे चूक दुरुस्त केली’

या दाव्यात एक धागा खरा आहे आणि म्हणूनच तो चिवट आहे. पुढे गोळ्या झाडणाऱ्या गनब्लेड आल्या, हे खरं. २००५च्या ‘अ‍ॅडव्हेंट चिल्ड्रन’ या चित्रपटात याझू हे पात्र दोन्ही हातांत पाती लावलेली पिस्तुलं घेऊन धडाधड बार काढतो. डिसेंबर २००९ मध्ये आलेल्या ‘फायनल फँटसी १३’ची नायिका लाइटनिंग हिचं हत्यार दुमडलं की बंदूक, उघडलं की तलवार. ज्यांची ओळखच या दोघांपासून झाली त्यांनी मागे वळून स्क्वॉलकडे पाहिलं आणि त्यालाही तेच माप लावलं. यात त्यांचा फार दोष नाही. नाव तेच आहे ना.

पण दुरुस्ती? लाइटनिंगच्या हत्यारात तर वर सांगितलेली जुनी दोन-कामांची अडचण परत आली. फक्त दुमडायची युक्ती लावून तिने ती थोडी टाळली. ते वेगळं हत्यार आहे, वेगळ्या विश्वातलं. स्क्वॉलच्या हत्याराची सुधारलेली आवृत्ती नाही. आणि दुरुस्तीच झाली असती तर जुलै २०१९ मध्ये ‘फायनल फँटसी १४’मध्ये ‘गनब्रेकर’ हा गनब्लेडने लढणारा योद्धा आणताना निर्मात्यांनी गोळ्याच दिल्या असत्या. तिथे काडतुसं आहेत, चाप आहे, आणि काडतुसात भरलेला असतो ‘ईथर’, म्हणजे त्या विश्वातली जीवनशक्ती. चाप ओढला की ती पात्यात उतरते आणि घाव वाढतो. शिवाय त्याच गेममध्ये गार्लियन साम्राज्याचे सैनिक खरोखर बार काढणाऱ्या गनब्लेड वापरतात, आणि कथेत दोन्ही वेगळ्या असल्याचं बजावून सांगितलं जातं. वीस वर्षांनी निर्माते मूळ कल्पनेकडे परतले.

पोस्टमध्ये नसलेला, पण असायला हवा होता असा मुद्दा

इतकं सगळं लिहून झाल्यावर गनब्लेडमध्ये खोट नाहीच, असं मी म्हणणार नाही. खोट आहे, आणि ती चित्रात ढळढळीत दिसते. मूठ.

तलवारीची मूठ पात्याच्या रेषेत असते. वार करताना मनगट शेवटच्या क्षणी पुढे मोडतं आणि मूठ तळहातात किंचित फिरते. तलवारबाजीतला निम्मा जोर या छोट्या हालचालीत असतो. पिस्तुलाची मूठ पात्याशी जवळजवळ काटकोनात वळलेली असते, कारण तिचं काम हात स्थिर ठेवून पुढे रोखणं. त्या मुठीने मोठं पातं फिरवायचं म्हणजे मनगट आधीच वाकवून बसायचं. घरातली कुऱ्हाड उलटी धरून लाकूड फोडायचा प्रयत्न करा, काय म्हणतो ते कळेल. स्क्वॉलच्या हत्याराला रिव्हॉल्व्हरचीच वळलेली मूठ आहे, तीही बेताच्या लांबीची. तो दोन्ही हातांनी धरतो खरा, पण दुसऱ्या हाताला पकडायला धड जागा नाही. सायफर एका हाताने, बाजूने उभा राहून, टोक रोखून लढतो. त्याची ढब ऐटीची वाटते, पण त्या मुठीला तीच जास्त शोभते. चाप ठेवायचा म्हटलं की तर्जनी पुढे आणि मूठ वाकडी हे आलंच. मूठ सरळ ठेवून चाप अंगठ्याखाली दिला असता तर हत्यार सुधारलं असतं, पण मग ते गनब्लेडसारखं दिसलं नसतं. गेमची पात्रं रेखाटणाऱ्या तेत्सुया नोमुरा यांच्या रेखाटनात दिसणं आधी येतं, हे त्यांची पात्रं पाहिलेल्या कुणालाही सांगायला नको.

आणि तरी त्या वाकड्या मुठीचा एक फायदा खेळाडूला मिळालाच. आर-१चं बटण पॅडवर उजव्या तर्जनीखाली असतं. स्क्वॉल ज्या बोटाने चाप ओढतो त्याच बोटाने तुम्ही तो ओढता, त्याच क्षणी. पाळीपाळीने लढायच्या खेळात, जिथे एरवी आदेश देऊन हात बांधून बसायचं, तिथे प्रत्येक वारात तुमचं बोट गुंतलेलं. मला वाटतं हत्याराची कल्पनाच या बटणापासून सुरू झाली असावी. माझा अंदाज, पुरावा नाही.

आता माझ्याच बाजूची एक गाठ, जी मला अजून सुटलेली नाही. स्क्वॉलची तलवार दुकानात सुधारून घेता येते, आणि प्रत्येक रूपाला वेगळं सामान लागतं. बहुतेकांना स्क्रू, पाइप, हाडं, कासवाची पाठ, एकाला तर चक्क आचाऱ्याची सुरी. दारूगोळा कशालाच नाही. अपवाद फक्त शेवटच्या आणि सर्वोत्तम ‘लायन हार्ट’चा: एक अ‍ॅडमँटाइन, ड्रॅगनचे चार दात आणि बारा ‘पल्स अ‍ॅमो’. ही पल्स अ‍ॅमो म्हणजे अर्व्हाइनच्या बंदुकीतली सगळ्यात जहाल काडतुसं. जी तलवार गोळ्या झाडत नाही तिला बारा काडतुसं कशाला? पोस्टवाल्याने हे पकडलं असतं तर मला उत्तर द्यायला जड गेलं असतं. माझा तर्क एवढाच: ती एकदाच, घडवताना लागतात, नंतर कधीच नाही, आणि लायन हार्टचं पातं इतरांसारखं पोलादी न दिसता आतून निळं उजळलेलं दिसतं. काडतुसं सिलिंडरमध्ये गेली नसावीत, पात्यात गेली असावीत. पण सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरला बरोबर बाराच का, याचा कुणाला पत्ता लागला तर मला नक्की कळवा.